अंतराळस्थानकाचा आवाज: खेळणारा दहा मिनिटांत म्युझिक का बंद करतो?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली तिघांची टीम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक गेम करते आहे. बंद पडलेलं अंतराळस्थानक, त्यात एकटा दुरुस्ती कामगार, मारामारी थोडी, भटकणं जास्त. गेम फोन आणि पीसी दोन्हींवर काढायचा आहे. दीड मिनिटाचा एक ट्रॅक लूपवर टाकलाय. खेळून बघणारी मंडळी दहा मिनिटांत सेटिंगमध्ये जाऊन म्युझिक बंद करतात, दर फेरीला जोडावर ‘टक्’ वाजतं आणि फोनवर खालचा घुमारा येतच नाही. बजेट जवळपास शून्य.

पहिली तक्रार सुटली नाही तर बाकीच्या दोन सोडवून काही उपयोग नाही, म्हणून आधी तीच घेऊ.

कान सुराला कंटाळत नाही, खुणेला कंटाळतो. पंख्याची घरघर रात्रभर चालते आणि आपण त्याखाली झोपतो. पण शेजारचं एखादं दार दर नव्वद सेकंदांनी एकदाच करकरलं, तर सातव्या वेळेला माणूस उठून भांडायला जातो. तुमच्या ट्रॅकमध्ये अशी चार-पाच दारं नक्की असणार: एखादा घंटेसारखा टोल, वर चढत जाणारा स्वर, मधेच एक ‘धप्प’. दहा मिनिटांत त्यातलं प्रत्येक सहा-सात वेळा त्याच क्रमाने येतं. पुढे काय वाजणार हे खेळणाऱ्याला कळलं, की ते स्थानक उरत नाही, कॅसेट होते.

म्हणून ट्रॅक फोडा. तळाला अस्तर ठेवायचं, म्हणजे ज्यात लक्षात राहण्यासारखं काहीच नाही असा लांब, सपाट पण आतून हलणारा नाद. खुणा त्यातून उपसून वेगळ्या फायली करायच्या आणि त्या कधी वाजवायच्या ते गेमने ठरवायचं.

अस्तराच्या तीन फायली करा, तीन वेगळ्या लांबीच्या, आणि तिन्ही एकाच वेळी लूपवर सोडा. लांबी निवडताना सगळे गोल आकडे घेतात आणि तिथेच फसतात. ४५, ६० आणि ७५ सेकंद घेतले तर तिन्ही लूप बरोबर ९०० सेकंदांनी, म्हणजे १५ मिनिटांत, पुन्हा एकाच ठिकाणी येतात. ४७, ६१ आणि ७३ घ्या. या मूळ संख्या आहेत, त्यांचा गुणाकार २,०९,२९१ सेकंद होतो, म्हणजे तिन्ही पुन्हा जुळायला ५८ तासांहून जास्त. फायलींचा आकार जवळपास तोच, मेहनत तीच. लांबी मात्र १५-२० सेकंदांवर आणू नका. गुणाकार मोठा येईलही, पण प्रत्येक लूप स्वतः इतक्या वेळा फिरतो की त्यातली बारीकशी लकबही कान पकडतो.

मोठ्या गेमनी हेच मोठ्या प्रमाणावर केलंय. ‘नो मॅन्स स्काय’साठी (२०१६) सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक या बँडने संगीत केलं, त्याचे असंख्य तुकडे पाडले गेले आणि खेळणारा कुठे आहे, काय करतोय त्यावरून गेम ते जोडत राहतो. तुम्हाला एवढ्या यंत्रणेची गरज नाही. तीन लूप आणि पंधरा खुणा एवढ्यावर चार-पाच तासांचा गेम आरामात निघतो.

आता जोडावरचा ‘टक्’. याची कारणं दोन असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम असतात.

एक, एमपीथ्री. हा फॉरमॅट आवाजाचे १,१५२ सॅम्पलचे (सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक मोजणी) ठोकळे करतो. फाइल त्या पटीत बसली नाही की शेवटी शांततेची भर घालतो, आणि एन्कोडर सुरुवातीलाही थोडी रिकामी जागा सोडतो. ४४.१ किलोहर्ट्झला एक ठोकळा साधारण २६ मिलिसेकंदांचा. लूपच्या जोडावर एवढी फट सहज ऐकू येते. एडिटरमध्ये कितीही नीट कापा, एमपीथ्री केली की फट परत आली. युनिटीला न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल द्या आणि इम्पोर्टमध्ये दाबायचा प्रकार म्हणून व्हॉर्बिस निवडा. आधीच ऑग (व्हॉर्बिसने दाबलेली) केलेली फाइल देऊ नका, युनिटी ती पुन्हा दाबते आणि दुहेरी नुकसान होतं. (गोडो या दुसऱ्या गेम-इंजिनचं उलट आहे. तिथे ऑग जशीच्या तशी वापरली जाते, फक्त इम्पोर्टमध्ये लूपची खूण करायला विसरायचं नाही.)

दुसरं कारण कापण्यात आहे. रिव्हर्बची, म्हणजे खोलीतल्या घुमण्याची, शेपटी फाइलच्या शेवटाला तुटते आणि सुरुवातीला ती नसते, त्यामुळे जोडावर खोलीच बदलल्यासारखं वाटतं. शिवाय खालच्या सुराची लाट मधेच कापली तर पातळी एकदम उडी मारते आणि तोच ‘टक्’. ४७ सेकंदांचा लूप हवा असेल तर असं करा: रिव्हर्बसकट ५५ सेकंदांचं रेकॉर्डिंग रेंडर करा. ४७ व्या सेकंदाला कापा. मागे उरलेला ८ सेकंदांचा तुकडा उचलून दुसऱ्या ट्रॅकवर शून्यापासून ठेवा आणि त्याला ८ सेकंदांचा फेड-आउट द्या. मूळ तुकड्याच्या पहिल्या ८ सेकंदांना फेड-इन द्या. आता ० ते ४७ एवढंच एक्सपोर्ट करा. फाइल जिथे संपते त्याच्या पुढचाच सॅम्पल आता फाइलच्या सुरुवातीला आहे, त्यामुळे जोड कुठे आहे हे तुम्हालाही सापडणार नाही.

फेडचा आकार महत्त्वाचा. दोन तुकडे एकमेकांपेक्षा वेगळे असतील तर सरळ रेषेच्या फेडमध्ये मधोमध सुमारे ३ डेसिबलचा खड्डा पडतो. तिथे ‘इक्वल पॉवर’ वक्र वापरा. उलट एकाच वाद्याचे, एकाच वेळी चालणारे दोन सारखे थर मिसळत असाल तर इक्वल पॉवरने मधे ३ डेसिबलचा फुगवटा येतो, तिथे सरळ रेषाच बरी.

फोनवरचा घुमारा. फोनचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. तुमचा ड्रोन, म्हणजे खाली अखंड घुमणारा सूर, ५० हर्ट्झच्या आसपासचा शुद्ध साइन (वरचे गुणित नसलेला सूर) असेल तर फोनवर तो नाहीच. आवाज वाढवून काही होत नाही, नुसती बॅटरी जळते आणि स्पीकर फरफरतो. आपल्या कानाची एक खोड मात्र कामाला येते: मूळ सूर नसला तरी त्याचे वरचे गुणित (दुप्पट, तिप्पट वारंवारितेचे सूर) ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. ४९ हर्ट्झच्या सुराला सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून गुणित वाढवणारा इफेक्ट) लावून २४५, २९४, ३४३ हर्ट्झचे गुणित थोडे वर आणा. तपासायची सोपी रीत म्हणजे मास्टरवर, म्हणजे सगळ्या आवाजांच्या एकत्र मिश्रणावर, ३०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावायचा आणि ऐकायचं. स्थानक पातळ वाटलं तर चालेल, गायब झालं तर गुणित कमी आहेत. त्याच वेळी मोनो करूनही ऐका. फेज उलटून स्टिरिओ रुंद करणारे प्लग-इन हेडफोनवर भव्य वाटतात, पण एकच स्पीकर असलेला फोन दोन्ही बाजू एकत्र करतो आणि अर्धा थर पुसून जातो.

ड्रोन बनवायचा कसा, हा खरा मजेचा भाग.

उत्तम ड्रोन म्हणजे काय ते आपल्याकडे आधीच ठाऊक आहे. कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत तंबोरे बनतात, आणि मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा चार तारांचा, स्वर दोनच किंवा तीन, तरी तासभर ऐकून कान विटत नाही. कारण घोडीवरची जवारी (तार निसटती टेकेल असा घोडीचा माथा) आणि तारेखालचा सुताचा दोरा. त्यामुळे तार छेडली की गुणित एकदम येत नाहीत, वरून खाली सरकत जातात. सूर स्थिर, रंग मात्र हलता. सिंथवर हेच करायचं. दोन सॉ-टूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखी लाट काढणारे) एकाच सुरावर ठेवा, एक ५५ हर्ट्झ, दुसरा ५५.२. फरक ०.२ हर्ट्झचा, म्हणजे दर ५ सेकंदांनी एक संथ हेलकावा. त्यांच्या दुसऱ्या गुणितांत तोच हेलकावा अडीच सेकंदांचा होतो, तिसऱ्यात आणखी जलद, म्हणजे एकाच आवाजात आपोआप वेगवेगळ्या लयी येतात. त्यावर वरचं कापणारा लो-पास फिल्टर, आणि त्याचा कटऑफ (जिथून कापतो ती जागा) ३००-९०० हर्ट्झच्या मधे दोन एलएफओंनी (संथ हेलकावे देणाऱ्या ऑसिलेटरनी) हलवा, एक १९ सेकंदांचा, एक ३१ सेकंदांचा. एलएफओ एकच ठेवला तर लाटेसारखी ये-जा कळते आणि ती पुन्हा खूणच होते.

खरा तंबोरा सॅम्पल करून तसाच वापरू नका, हे मात्र आवर्जून. मराठी कानाला पहिल्याच छेडीला मैफल दिसते, सतरंजी दिसते, अंतराळ दिसत नाही. छेडीची पहिली २०० मिलिसेकंद कापा, दोन सप्तकं खाली आणा, मग वापरा.

आवाज गोळा करायला कोल्हापूरसारखं ठिकाण नाही. विज्ञानकथेच्या गेममध्ये बाजारातल्या तयार लायब्ररीतले तेच ते बीप आणि ‘व्हूश’ ऐकून सगळे कंटाळलेत. उद्यमनगरातली लेथ, शिरोलीच्या फौंड्रीतली भट्टी, हंगामात गुऱ्हाळावर काहिलीत रटरटणारा रस, हुपरीच्या चांदीच्या साखळ्या. यातलं काहीही दोन सप्तकं खाली आणलं की कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. घट्ट होत आलेल्या काकवीचे बुडबुडे म्हणजे तर परग्रहावरची दलदल. परवानगी काढा, भट्टीपाशी नको तेवढं जवळ जाऊ नका, आणि प्रत्येक आवाज किमान दोन मिनिटं, मधे न बोलता घ्या.

सप्तकं खाली आणायची असतील तर रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला करा. वेग चौपट कमी केला की वारंवारिता चौथ्या हिश्श्यावर येते. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचंच असतं, ते ६ किलोहर्ट्झवर येऊन थांबतं आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. ९६ ला हीच मर्यादा १२ किलोहर्ट्झ होते, अर्थात माइकने वरचं पकडलं असेल तर. चांदीच्या साखळ्यांत वरचा भाग भरपूर असतो, म्हणून त्या जास्त खुलतात.

यंत्रांच्या आतला आवाज हवा असेल तर कंपनं विजेत बदलणारी २७ मिलिमीटरची पिझो चकती घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. वायरी डाग देताना सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, मधल्या पांढऱ्या भागाचं कोटिंग उडतं. चकती पत्र्याला क्लॅम्पने घट्ट दाबून बसवा. फोमच्या दुहेरी टेपने चिकटवली तर वरचा सगळा आवाज मऊ फोमच खाऊन टाकतो. आणि ती साध्या लाइन इनपुटला जोडली तर खालचा आवाज जातो, पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. दोष चकतीचा नसतो, इनपुटचा असतो. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठीचं, १ मेगाओमच्या आसपासचं इनपुट असतं, ते वापरा. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आपोआप आवाज वर-खाली करणारी सोय बंद होणारं ॲप घ्या, नाहीतर शांत जागी खरखर फुगते आणि ती नंतर निघत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट स्थानकाच्या वीजघरासाठी झकास, पण तो एका ठरलेल्या सुरात असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुपटीत, म्हणजे १०० हर्ट्झ आणि त्याची गुणितं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) ९८ हर्ट्झची. म्हणजे ट्रान्सफॉर्मर पांढरी पाचपेक्षा साधारण ३५ सेंट चढा (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं), ना पांढरीत ना काळीत. वरून तुमचं संगीत कुठल्याही नेहमीच्या पट्टीत वाजलं तरी ते किंचित बेसूर लागतं, आणि मग लोक तासन्‌तास संगीतात चूक शोधत बसतात. गुणगुणाट ३५ सेंट खाली घ्या आणि पूर्ण गेमचा षड्ज पांढरी पाच ठेवा. मग दारांच्या मोटरी, पंप, पंखे सगळे सा किंवा पमध्ये बसवा. १९८६ मध्ये ‘मेट्रॉइड’ या गेमचं संगीत करताना हिरोकाझु तानाका यांनी हाच विचार केला होता: संगीत कुठे संपतं आणि जागेचा आवाज कुठे सुरू होतो ते खेळणाऱ्याला कळूच नये. तेही निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्राच्या मोजक्या वाहिन्यांवर आणि डिस्क सिस्टिमने दिलेल्या एका जादा वाहिनीवर.

खुणांकडे वळू. १२ ते २० तुकडे, प्रत्येकी १ ते ६ सेकंदांचे. दोन खुणांमध्ये २० ते ९० सेकंदांचं अंतर, दर वेळी नवं. नुसता रँडम आकडा काढू नका, तोच तुकडा लागोपाठ तीनदा येतो आणि खेळणाऱ्याला गेम बिघडल्यासारखा वाटतो. पत्ते पिसल्यासारखी यादी पिसा, संपेपर्यंत क्रमाने वाजवा, परत पिसा, आणि नव्या पिसणीचा पहिला पत्ता जुन्याच्या शेवटच्यासारखा असेल तर बदला. पातळी ३ डेसिबल इकडेतिकडे केली तरी चालेल. सूर मात्र हवा तसा हलवू नका. ठोके, खडखडाट यांना एक-दोन स्वर वर-खाली चालतं, पण सुरेल तुकड्याला अर्ध्या सेमीटोनचा धक्का लागला तरी तो अस्तराशी भांडतो. तिथे पंचमाएवढी किंवा पूर्ण सप्तकाचीच उडी घ्या.

या तुकड्यांचे स्वर असे हवेत की कुठलेही दोन एकदम पडले तरी बिघडू नये. भूपाचे पाच स्वर त्या अर्थाने सुरक्षित आहेत, पण तो गोडवा ओसाड स्थानकाला शोभत नाही. गंधार काढून टाका. सुख-दुःखाचा कल बराचसा गंधारावरून ठरतो. सा, रे, म, प आणि कोमल नी ठेवा. आता जाणकार म्हणतील की हा तर मधमाद सारंग किंवा मेघ झाला. स्वर तेच, पण राग ओळखू येतो तो चलनावरून. स्वर तीन सप्तकांत विखुरले आणि दोन स्वरांमध्ये मिनिटभराचं अंतर पडलं की कुणालाही पाऊस आठवत नाही.

धोक्याचा थर वेगळा. सा आणि कोमल रे एकत्र वाजवा, पण सप्तक बघून. ३९२ आणि ४१५ हर्ट्झमधला फरक २३ हर्ट्झचा, तो खरखरीत लागतो आणि अंगावर येतो. तीच जोडी तीन सप्तकं खाली घेतली तर फरक उरतो ३ हर्ट्झचा, आणि भीतीऐवजी नुसता जहाज डोलल्याचा भास होतो. ‘धोका जाणवत नाही’ म्हणून लोक खालचा आवाज आणखी वाढवतात. दुखणं सप्तकात असतं.

हा थर शत्रू दिसला की चालू, गेला की बंद असा करू नका. शत्रू दाराआड ये-जा करतो आणि संगीत नळासारखं चालू-बंद होतं. धोक्याचा ० ते १ असा एक आकडा ठेवा. ०.६ च्या वर गेला की थर वर येईल, ०.४ च्या खाली आला तरच उतरेल. चढायला ३-४ सेकंद, उतरायला १५, आणि एकदा वर आला की निदान २० सेकंद राहील. ‘डेड स्पेस’मध्ये (२००८) जेसन ग्रेव्ह्ज यांच्या संगीताचे असेच वाढत्या तणावाचे थर एकत्र चालत, आणि गेममधल्या भीतीच्या जागा किती जवळ आहेत त्यावरून ते उघडत.

थरांत कुठेही ठेका असेल तर सगळे थर एकदमच सुरू करा, नको असलेल्यांची पातळी शून्य ठेवा. लागेल तेव्हा साधं ‘प्ले’ दिलं तर आवाज फ्रेमच्या हिशोबाने सुरू होतो. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि फोन अडखळला तर त्याच्या कितीतरी पट. ठरल्या क्षणी आवाज सुरू करणारी ‘प्लेशेड्यूल्ड’ ही आज्ञा वापरा आणि वेळ ‘डीएसपीटाइम’ (युनिटीचं आवाजाचं घड्याळ) अधिक ०.२ सेकंद अशी द्या. संगीताच्या ऑडिओ सोर्सची प्रायॉरिटी ०, म्हणजे सगळ्यांत वरची, करा. युनिटीत मुळात १२८ असते आणि एका वेळी खरे आवाज ३२ च वाजतात, त्यामुळे ठिणग्या, पावलं, दारं यांची गर्दी झाली की नेमका अस्तराचा थर गळतो. तीन अस्तरं मिळून १८१ सेकंद होतात. न दाबता स्टिरिओत ती ३५ एमबीच्या आसपास जातात, १२८ केबीपीएस व्हॉर्बिसला ३ एमबीही होत नाहीत. लोड टाइप ‘स्ट्रीमिंग’, खुणांसाठी ‘कॉम्प्रेस्ड इन मेमरी’. एफमॉड किंवा वाइज या गेमच्या आवाजासाठीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज संगीत करणारा आणि कोड लिहिणारा वेगवेगळे असतील आणि रोज बदल करायचे असतील तेव्हाच.

आवाजाची एकूण पातळी: सोनीच्या शिफारशीत घरातल्या कन्सोलसाठी उणे २४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप), हातातल्या यंत्रासाठी उणे १८, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ च्या आत. फोनसाठी दुसरा आकडा धरा आणि अर्धा तास खेळ रेकॉर्ड करून मोजा, एकटा ट्रॅक मोजून काही कळत नाही. अस्तर संवादाच्या ८ ते १२ डेसिबल खाली असावं, आणि रिव्हर्बच्या चॅनेलवर २०० हर्ट्झचा हाय-पास हवाच. पाच थरांचे रिव्हर्ब २०० ते ४०० हर्ट्झमध्ये एकमेकांवर चढले की चिखल होतो.

शेवटी तपासणी. एकाला चाळीस मिनिटं खेळायला बसवा. आवाजाकडे लक्ष दे असं सांगू नका, फक्त ‘हे मघाशी ऐकलं’ असं वाटलं की टेबलावर टिचकी मार एवढंच सांगा. शेजारी बसून वेळ लिहा. एकाच खुणेला तीन टिचक्या पडल्या की ती यादीतून काढा.

आणि तो दीड मिनिटाचा ट्रॅक फेकू नका. ‘मेट्रॉइड’मध्ये गाण्यासारखी चाल शेवटासाठी राखून ठेवली होती. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर एकेक वाद्य वाजवत बसलेले असतात आणि दूर अंतराळात जाऊन दुर्बिणीसारखं यंत्र त्यांच्याकडे धरलं तरच त्यांची एकत्र चाल कळते. तुमच्या कामगाराने स्थानकाची वीज परत आणली, पहिल्यांदा सगळे दिवे लागले, की तिथे तो ट्रॅक वाजवा. लूप बंद, एकदाच, पूर्ण. त्याआधीची दहा सेकंद अस्तरसुद्धा थांबवा.